एएस/४००ची ग्रीन स्क्रीन ब्राउझरमध्ये नेताना

पुण्यात बसून परदेशातल्या एका घाऊक वितरकाचे एएस/४०० या आयबीएमच्या व्यावसायिक संगणकावरचे प्रोग्रॅम मी बरीच वर्षं सांभाळले. एकदा त्यांच्या ऑर्डर डेस्कवर जाऊन बसायची संधी मिळाली. समोरच्या बाईंनी फोन मानेत धरला होता, डावा हात कागदावर आणि उजवा नंबर पॅडवर. ग्राहक क्रमांक, फील्ड एग्झिट (पुढच्या फील्डात नेणारं बटण), मालाचा कोड, फील्ड एग्झिट, नग, एंटर. त्या बाई ग्रीन स्क्रीनकडे, म्हणजे टर्मिनलच्या नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनकडे, बघतही नव्हत्या. पुढची स्क्रीन उमटायच्या आत तिथल्या पहिल्या दोन फील्डांची बटणं दाबून झालेली असायची. टर्मिनल ती धरून ठेवायचं आणि स्क्रीन आली की जागच्या जागी भरायचं.

आम्ही त्याच कामासाठी केलेलं पहिलं वेब पान त्यांना दाखवलं, तेव्हा त्यांची घाईघाईने दाबलेली अक्षरं हवेत विरून गेली. पान लोड होईपर्यंत ब्राउझरला ती कुठे टाकायची तेच कळत नव्हतं. पान दिसायला सुंदर होतं, पण त्या बाईंचं काम त्याने मंदावलं. त्या दिवसापासून माझी या कामाकडे बघायची पद्धत बदलली. "आपलं ग्रीन स्क्रीनवरचं सगळं वेबवर न्यायचंय" असं ज्यांना नुकतंच सांगितलं गेलं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

नेमकं काय हलवायचं आहे

आयबीएमने २१ जून १९८८ रोजी एएस/४०० जाहीर केलं. मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये ते घडलं. पुढे नावं बदलत गेली: आयसिरीज, सिस्टम आय, आणि २००८ पासून पॉवर सर्व्हरवर चालणारी आयबीएम आय ही ऑपरेटिंग सिस्टीम. कामावरची माणसं मात्र आजही "एएस फोर हंड्रेड"च म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. मशीन जुनं आहे हा समज आधी काढून टाका. त्याच मशीनवर आज नोड, पायथन, पीएचपी चालतात आणि डीबीटू हा पूर्ण ताकदीचा डेटाबेस आत आहे. जुनं आहे ते ५२५० टर्मिनल, म्हणजे त्या मशीनचा पडदा आणि कीबोर्ड, आणि त्याच्याभोवती विणलेले प्रोग्रॅम.

५२५०ची नेहमीची स्क्रीन म्हणजे २४ ओळी आणि ८० रकाने, एकूण १,९२० अक्षरं. हे टर्मिनल प्रत्येक बटण सर्व्हरला कळवत नाही. माणूस फील्ड भरत राहतो, आणि एंटर किंवा एखादी एफ की दाबली की बदललेली फील्डं एकगठ्ठा जातात. वेबचा फॉर्म असाच चालतो, म्हणून वरवर पाहता हे स्थलांतर सोपं वाटतं.

घोडं अडतं ते प्रोग्रॅममध्ये. आरपीजी भाषेतला प्रोग्रॅम एक्सफॉर्मॅट या सूचनेच्या ओळीवर आला की स्क्रीन पाठवतो आणि तिथेच थांबतो. उघडलेल्या फाइली, चढलेले इंडिकेटर (चालू-बंद खुणा), वाचलेली रेकॉर्डं, लावलेली लॉकं, सगळं हातात धरून तो माणसाची वाट बघतो. माणूस जेवायला गेला तरी तो तसाच उभा असतो. वेबवर विनंती आली, उत्तर गेलं, संपलं. पुढच्या विनंतीला मागचं काही आठवत नाही. या स्थलांतरातलं बहुतेक कष्ट याच एका फरकात आहेत. रंग आणि फॉन्टचं काम त्यामानाने किरकोळ आहे.

आधी मोजणी

मेन्यूवर ४०० पर्याय आहेत म्हणून ४०० स्क्रीन न्यायच्या, असं धरू नका. क्यूएसवायएस२ लायब्ररीतल्या ऑब्जेक्ट स्टॅटिस्टिक्स या एसक्यूएल फंक्शनला विचारा: कुठला प्रोग्रॅम शेवटचा कधी वापरला गेला आणि किती दिवस वापरला गेला. दोन्ही रकाने तयार मिळतात. इथे एक खबरदारी घ्या. वर्षअखेरीचे प्रोग्रॅम वर्षातून एकदाच चालतात, म्हणून तीन महिन्यांच्या वापरावरून कुणालाही मृत ठरवू नका.

मग डिस्प्ले प्रोग्रॅम रेफरन्सेस ही कमांड चालवून निकाल एका फाइलमध्ये घ्या. कुठला प्रोग्रॅम कुठल्या फाइली उघडतो, कुणाला कॉल करतो, कुठली डिस्प्ले फाइल (स्क्रीनची मांडणी ठेवणारी फाइल) वापरतो हे त्यातून दिसतं. व्हेरिएबलमध्ये नाव घालून केलेले कॉल मात्र या यादीत सापडत नाहीत. ते सोर्समध्ये शोधावे लागतात. आणि हो, सोर्स जुळतो का ते पाहा. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये त्याच्या सोर्स मेंबरची (मूळ कोडच्या नोंदीची) तारीख नोंदलेली असते. ती आणि हातातल्या मेंबरची तारीख वेगळी निघाली, तर प्रॉडक्शनवर चालतंय ते नेमकं काय, हा प्रश्न आजच सोडवा.

मशीन सांगू शकत नाही अशा गोष्टींसाठी माणसांशेजारी बसा, किमान दोन दिवस. एका तासात किती ऑर्डरी चढतात, मॉनिटरच्या कडेला कुठल्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, कोण कुठल्या स्क्रीनवरून वहीत आकडे उतरवतो. अशी वही दिसली की समजा, वेबचं पहिलं उपयोगी पान तिथेच सापडलं.

तीन वाटा

पहिली वाट म्हणजे स्क्रीनला नवा मुलामा. आयबीएमचं हॅट्स किंवा तशी इतर साधनं ५२५०चा प्रवाह मधेच पकडून त्याचं वेब पान करतात. प्रोग्रॅमला हात लागत नाही आणि काही आठवड्यांत दाखवण्यासारखं काहीतरी हाती येतं. पण आतली गाठ तशीच राहते. एका कामासाठी पाच स्क्रीन लागत होत्या, तर पाच पानं लागतात. बाहेरच्या ग्राहकांना घाईने काही द्यायचं असेल तर ही वाट चालेल. ती मलमपट्टी आहे हे वरिष्ठांना लेखी सांगून ठेवा, नाहीतर "झालं की वेबवर" म्हणून पुढचं बजेट कापलं जातं.

दुसरी वाट ओपन अ‍ॅक्सेसची. २०१० मध्ये ७.१ आवृत्तीबरोबर आरपीजीमध्ये ही सोय आली. डिस्प्ले फाइलच्या घोषणेत हँडलर जोडला की स्क्रीनची देवाणघेवाण टर्मिनलऐवजी तुमच्या हँडलर प्रोग्रॅमकडे जाते, आणि तो हवं तर एचटीएमएल पान किंवा जेसन या मजकुराच्या रूपात माहिती देतो. प्रोग्रॅममध्ये बदल थोडा, आणि ब्राउझरला पूर्ण स्वातंत्र्य. तरी प्रत्येक माणसामागे एक थांबलेला जॉब (मशीनवर चालणारं एक काम) राहतोच.

तिसरी वाट प्रोग्रॅमचं पोट फाडून धंद्याचे नियम वेगळे काढायची आणि त्यांच्यासमोर नवी पानं बांधायची. वेळ लागतो, जीव लागतो. रोज शेकडो वेळा वापरल्या जाणाऱ्या स्क्रीनसाठी मी हीच वाट घ्यायला सांगेन. महिन्यातून दोनदा एकच अकाउंटंट उघडतो ती स्क्रीन हिरवीच राहू द्या. एकाच कंपनीत तिन्ही वाटा सोबत चालतात, त्यात कमीपणा नाही. पुढचं सगळं तिसऱ्या वाटेबद्दल आहे.

प्रोग्रॅम सोडवणं

जुना प्रोग्रॅम आरपीजी/४०० मध्ये असेल तर आधी कन्व्हर्ट आरपीजी सोर्स कमांडने तो आयएलई आरपीजीत, म्हणजे त्याच भाषेच्या नव्या रूपात, आणा. त्या आधी वेगळ्या प्रोसिजर, मॉड्यूल, सर्व्हिस प्रोग्रॅम असली चैन मिळत नाही.

आता ऑर्डर एंट्रीचा प्रोग्रॅम उघडा आणि प्रत्येक एक्सफॉर्मॅटवर खूण करा. दोन खुणांच्या मध्ये जे आहे ते साधारण तीन प्रकारचं असतं: आलेल्या माहितीची तपासणी, फाइलींमधली वाचालिखी, आणि पुढच्या स्क्रीनची सजावट. पण ते एकमेकांत विणलेलं असतं. ग्राहकाची उधारीची मर्यादा ओलांडली की इंडिकेटर ४१ चढतो. डीडीएसमध्ये, म्हणजे स्क्रीनचं वर्णन लिहायच्या भाषेत, त्याच ४१वर ते फील्ड उलट्या रंगात दिसतं आणि चूक झाल्याचा संदेश येतो. आणि खाली शंभर ओळींनंतर "४१ चढला नसेल तरच ऑर्डर लिही" असं असतं. म्हणजे धंद्याचा नियम एका रंगाच्या इंडिकेटरवर टांगलेला असतो.

हा नियम उचलून एका प्रोसिजरमध्ये ठेवा. आत ग्राहक क्रमांक आणि रक्कम जाईल, बाहेर "ठीक" किंवा संदेशाचा क्रमांक येईल. इंडिकेटर नको, ग्लोबल व्हेरिएबल नको, डिस्प्ले फाइलची ओळखही नको. मग जुन्या प्रोग्रॅममध्ये परत या आणि तिथे ही प्रोसिजर कॉल करून मिळालेल्या उत्तरावरून ४१ चढवा.

इथे थांबा आणि हे प्रॉडक्शनवर जाऊ द्या.

मला या सगळ्या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची असेल तर ती ही: नव्या सेवेचं पहिलं गिऱ्हाईक जुनी ग्रीन स्क्रीनच असली पाहिजे. वेबचं एकही पान नसताना नवी प्रोसिजर रोजच्या खऱ्या ऑर्डरींवर राबू लागते. काही बिघडलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं, आणि एक ओळ मागे घेऊन सुटका होते. महिन्याभराने वेबचं पान हीच प्रोसिजर वापरतं तेव्हा ती मुरलेली असते. शिवाय दोन्ही दारांनी आलेल्या ऑर्डरीला नियम एकच लागतो. ज्यांनी वेबसाठी नियम जावात नव्याने लिहिले, त्यांच्याकडे सहा महिन्यांत दोन वेगळ्या किमती दिसू लागल्याचं मी पाहिलं आहे. एकीकडे सवलतीचा नियम बदलला आणि दुसरीकडे बदलायचा राहिला, एवढंच झालं होतं.

चूक दाखवणाऱ्या संदेशांसाठी जुनी मेसेज फाइल ठेवा. वर्षानुवर्षं लोकांना ते शब्द पाठ आहेत, आणि मेसेजच्या दुसऱ्या पातळीवरचा सविस्तर मजकूर वेबवर मदतीच्या खिडकीत छान बसतो.

सेवा बाहेर कशी आणायची

आयबीएम आयमध्ये इंटिग्रेटेड वेब सर्व्हिसेस सर्व्हर मुळातच आहे. आयएलई प्रोग्रॅम किंवा सर्व्हिस प्रोग्रॅम त्याला दाखवला की पॅरामीटर ओळखून तो रेस्ट सेवा, म्हणजे वेबवरून बोलावता येणारी सेवा, उभी करतो. पहिल्या दोन-चार सेवांसाठी उत्तम. माझी पसंती मात्र प्रोसिजरवर एसक्यूएल स्टोअर्ड प्रोसिजरचं आवरण चढवायला आहे. मग जावा, नोड, पायथन, कुणीही डेटाबेसच्या नेहमीच्या जोडणीतून ती बोलावू शकतं, आणि वेबची टीम आरपीजी न शिकता काम सुरू करते.

सेवा बारीक करू नका. ग्राहकाचं नाव एक, पत्ता दुसरी, बाकी तिसरी असं केलंत तर एका पानासाठी पंधरा फेऱ्या होतात. ग्रीन स्क्रीनवर जे एका एंटरला घडायचं ते एका कॉलमध्ये घडलं पाहिजे.

जॉबची आठवण

इंटरॅक्टिव्ह जॉबमध्ये साइन-ऑनपासून साइन-ऑफपर्यंत एकाच माणसाचं घर असतं. लायब्ररी लिस्ट (फाइली कुठे शोधायच्या त्याची यादी) लावलेली असते, लोकल डेटा एरियात (जॉबच्या स्वतःच्या छोट्या जागेत) शाखेचा कोड ठेवलेला असतो, क्यूटेम्प या जॉबच्या लायब्ररीमध्ये तात्पुरत्या फाइली असतात, फाइलींवर ओव्हरराइड (एकीऐवजी दुसरी वापरायच्या सूचना) असतात. वेबकडून येणारे कॉल मात्र आधीच उघडून ठेवलेल्या जॉबच्या पूलमध्ये कुठेही पडतात. आत्ता तुमचा, पुढच्या क्षणी दुसऱ्याचा.

आमच्याकडे चाचणीत एक पान अधूनमधून भलत्याच ग्राहकाचे दर दाखवायचं. दहा वेळा बरोबर, अकराव्यांदा चूक. दोन दिवस शोधल्यावर सापडलं: किमतीचा प्रोग्रॅम क्यूटेम्पमध्ये कामाची फाइल बनवत होता आणि "फाइल आधीच आहे" असा संदेश आला तर तो गिळून पुढे जात होता. ग्रीन स्क्रीनवर हे चालून जायचं, कारण साइन-ऑफ झालं की क्यूटेम्प पुसली जाते. पूलमधल्या जॉबला साइन-ऑफ नसतं. मागच्या माणसाची फाइल तिथेच पडून होती.

म्हणून सेवेतला प्रत्येक प्रोग्रॅम तपासताना तीन गोष्टी पाहा. क्यूटेम्पमध्ये काही ठेवतो का? लोकल डेटा एरिया वाचतो का? स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये मागच्या कॉलचं काही उरतं का? ठेवत असेल तर सुरुवातीलाच साफ करा. वाचत असेल तर शाखेचा कोड पॅरामीटर म्हणून द्या. लायब्ररी लिस्ट प्रत्येक कॉलला लावा किंवा जोडणीच्या वेळी पक्की करा.

आणखी एक लपलेली आठवण असते ती टर्मिनलच्या नावाची. कित्येक गोदामांत प्रोग्रॅम डिव्हाइसचं नाव बघून लेबल कुठल्या प्रिंटरवर काढायचं ते ठरवतात. ब्राउझरला डिव्हाइसचं नाव नसतं. हे राहून गेलं तर पहिल्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावरची लेबलं तळमजल्यावर निघतात. माणसाने कामाची जागा निवडायची आणि ती सोबत पाठवायची, अशी सोय आधीच करा.

लॉक

जुना प्रोग्रॅम बदलासाठी रेकॉर्ड चेन करतो (शोधून वाचतो), लॉक लागतं, स्क्रीन जाते, आणि माणूस बदल करून एंटर मारेपर्यंत लॉक तसंच असतं. दुसरा कुणी तेच रेकॉर्ड मागू लागला तर त्याला ठरलेला वेळ वाट बघावी लागते, मग प्रोग्रॅम चूक देतो. वेबवर असं लॉक धरून बसता येत नाही. माणूस टॅब बंद करून गेला तर ते सोडवणार कोण?

उपाय असा: वाचताना लॉक न लावता वाचा आणि रेकॉर्डच्या शेवटच्या बदलाची वेळ पानासोबत पाठवा. जतन करताना रेकॉर्ड लॉकसह पुन्हा वाचा, वेळ तीच असेल तरच लिहा, नसेल तर "मधल्या काळात हे कुणीतरी बदललं आहे" असं सांगून नवी माहिती दाखवा. डीबीटूमध्ये रो चेंज टाइमस्टँप प्रकारचा रकाना ठेवता येतो. प्रत्येक बदलाला तो आपोआप पुढे सरकतो, जुन्या ग्रीन स्क्रीनने केलेल्या बदलालाही.

पण फाइलीत रकाना घातलात की तिच्या फॉर्मॅटची ओळख बदलते, आणि पुन्हा कंपाइल न केलेले सगळे जुने प्रोग्रॅम लेव्हल चेकवर, म्हणजे फॉर्मॅट जुळत नसल्याच्या सीपीएफ४१३१ या चुकीवर, आपटतात. भरल्या दुपारी हे पाहणं फार वाईट. यावरची जुनी, भरवशाची युक्ती अशी: मूळ फिजिकल फाइल (जिच्यात डेटा असतो ती) नव्या नावाने टेबल म्हणून बांधा, त्यात नवे रकाने घाला, आणि जुन्या नावाने एक लॉजिकल फाइल, म्हणजे त्याच डेटाकडे बघायची खिडकी, बनवा जिचा फॉर्मॅट अगदी जुन्यासारखाच आहे, तीच फील्डं, तोच क्रम, तेच फॉर्मॅटचं नाव. जुने प्रोग्रॅम लॉजिकल फाइल उघडतात आणि त्यांना काही कळतही नाही. हे चाचणीच्या लायब्ररीत करून, दोन्ही फॉर्मॅटची ओळख जुळते का ते फाइलच्या वर्णनात बघूनच पुढे जा.

तारखा, रकमा, अक्षरं

१२५०३३१ ही तारीख आहे. पहिला आकडा शतकाचा: ० म्हणजे एकोणीसशे, १ म्हणजे दोन हजार. मग २५, ०३, ३१. म्हणजे ३१ मार्च २०२५. सेवेच्या हद्दीवरच ती सरळ २०२५-०३-३१ अशी करून द्या, वेबच्या टीमला हा हिशेब शिकवू नका. शून्य म्हणजे "तारीख नाही" आणि सगळे ९ म्हणजे "कायम", असे घरगुती संकेतही असतात. त्यांची यादी जुन्या माणसांकडून काढून घ्या.

रकमा पॅक्ड दशांशात असतात आणि पैशापैशाने बरोबर असतात. जावास्क्रिप्टच्या हातात गेल्या की ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३०००००००००००००००४ होतं. म्हणून जेसनमध्ये रक्कम मजकूर म्हणून पाठवा आणि बेरीज-वजाबाकी सर्व्हरवरच करा.

अक्षरांच्या बाबतीत मशीनचं अंतर्गत वळण एबसिडिक या अक्षर-संकेताचं आहे. त्यात क्रम लावला तर अक्षरं आधी आणि अंक नंतर येतात. ब्राउझरमध्ये बरोबर उलट. मालाचे कोड अंक आणि अक्षरं मिळून बनलेले असतील तर तीच यादी दोन ठिकाणी दोन क्रमांत दिसते, आणि गोदामातला माणूस "माल गायब आहे" म्हणून फोन करतो. क्रम कुठे लावायचा ते एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच पाळा. ज्या फील्डांवर सीसीएसआयडी (अक्षर-संकेताचा क्रमांक) ६५५३५ आहे ती कुणी रूपांतरित करत नाही, ती बाहेर कच्च्या बाइट म्हणून येतात. अशा फील्डांना खरा सीसीएसआयडी द्या.

आपल्याकडच्या कुणाला वेबबरोबर नावं देवनागरीत साठवायची असतील, तर रुंदी आधी मोजा. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त ही वेगळी चिन्हं आहेत. "ज्ञानेश्वर" या नावात १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट. जुनं ३० रुंदीचं नावाचं फील्ड एवढ्यावरच भरलं, आडनावाला जागा नाही. अशा फील्डांसाठी मी युटीएफ-१६चा ग्राफिक प्रकार वापरतो. तिथे हेच नाव २० बाइटांत बसतं आणि लांबी चिन्हांत मोजली जाते.

पान आणि बटणं

आता कुठे पानाकडे वळायचं. एफ३ म्हणजे बाहेर, एफ४ म्हणजे यादी दाखव, एफ५ म्हणजे ताजं कर, एफ१२ म्हणजे मागे, ही बटणं लोकांच्या बोटांत मुरलेली आहेत. ब्राउझरला एफ३ म्हणजे शोध, एफ५ म्हणजे पान पुन्हा लोड आणि एफ१२ म्हणजे डेव्हलपरची साधनं वाटतात. ही बटणं पानावर पकडून जुनाच अर्थ द्या. एफ१३ ते एफ२४ शिफ्टबरोबर येतात, तेही विसरू नका.

डीडीएसमध्ये प्रत्येक एफ कीला सीए लावलंय की सीएफ, ते पाहा. सीए असेल तर स्क्रीनवर भरलेलं काही प्रोग्रॅमपर्यंत येत नाही, सीएफ असेल तर येतं. वेबवर याचा अर्थ असा: सीए असलेल्या बटणाने कुठलीही तपासणी न करता निघायचं, सीएफ असलेल्याने फॉर्म पाठवायचा. हे उलटं झालं तर अर्धवट भरलेल्या पानातून माणसाला बाहेरच पडता येत नाही.

फील्ड एग्झिटसाठी नंबर पॅडवरचं एक बटण ठरवा. त्याने कर्सरच्या पुढचं पुसलं पाहिजे आणि पुढच्या फील्डात गेलं पाहिजे. आणि त्या ऑर्डर डेस्कच्या बाईंसाठी: एका ऑर्डरीत पान पुन्हा लोड करूच नका. पान एकच ठेवा, माहिती मागून येऊ द्या, आणि उत्तर येईपर्यंत दाबलेली बटणं रांगेत धरून मग भरा. आम्ही हे नंतर केलं, आणि तेव्हा कुठे त्यांनी नवं पान स्वतःहून उघडायला सुरुवात केली.

सबफाइल, म्हणजे ग्रीन स्क्रीनवरची ओळींची यादी, ही वेबची सारणी. एका सबफाइलीत जास्तीत जास्त ९,९९९ रेकॉर्डं बसतात, म्हणून जुन्या प्रोग्रॅमांत मर्यादेचे बरेच खटाटोप असतात. ते नव्याकडे नेऊ नका. पान पुढे सरकवताना शेवटच्या रेकॉर्डची की (त्याची ओळख) पाठवून तिच्या पुढचं मागा. आणि जुना प्रोग्रॅम जसा फक्त बदललेल्या ओळी वाचायचा, तशाच फक्त बदललेल्या ओळी परत पाठवा.

सुरक्षा

ग्रीन स्क्रीनवर बऱ्याच कंपन्यांची सुरक्षा मेन्यूवर उभी असते. माणसाला कमांड देता येत नाही, मेन्यूत पर्याय नाही, म्हणून तो पगाराच्या फाइलीपर्यंत पोचत नाही. फाइलीवरचे अधिकार मात्र सगळ्यांना खुले असतात. डेटाबेसची जोडणी उघडली की हा मेन्यू वाटेत उरत नाही. म्हणून वेबच्या आधी फाइलींवरचे सार्वजनिक अधिकार काढा आणि सेवेच्या प्रोग्रॅमना दत्तक अधिकाराने, म्हणजे प्रोग्रॅमच्या मालकाच्या अधिकाराने, चालू द्या.

डीडीएसमधलं लपलेलं फील्ड, ज्याचा वापर एच असा लिहितात, टर्मिनलकडे जातच नाही. सिस्टीम ते स्वतःजवळ ठेवते. ते भाषांतर करताना एचटीएमएलच्या हिडन फील्डमध्ये टाकलं, तर ते कुणीही वाचू आणि बदलू शकतं. किमतीचा कोड, सवलतीचा गट, ग्राहकाचा अंतर्गत क्रमांक, यातलं काहीही ब्राउझरने परत पाठवलं म्हणून खरं मानू नका. सर्व्हरवर पुन्हा काढा.

पूलमधले जॉब एकाच प्रोफाइलने (वापरकर्त्याच्या खात्याने) चालले तर जर्नलमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) सगळे बदल त्या एकाच नावावर पडतात. ऑडिटर आला की पंचाईत. प्रत्येक कॉलला प्रोफाइल बदला, नाहीतर डीबीटूच्या क्लायंट युजर आयडी रजिस्टरमध्ये खऱ्या माणसाचं नाव घाला आणि ते रेकॉर्डमध्येही लिहा.

जुळवणी आणि शेवटचा दिवस

चाचणीसाठी जर्नलच वापरा. डेटाच्या दोन सारख्या प्रती घ्या, एकीवर ग्रीन स्क्रीनने आणि दुसरीवर वेबने तेच व्यवहार करा, आणि डिस्प्ले जर्नलमधून दोन्हीकडच्या नोंदी काढून ताडून बघा. वेळ आणि जॉबचं नाव सोडून जे वेगळं दिसेल ते चूक आहे किंवा कुणालाच ठाऊक नसलेला नियम आहे. आम्हाला असे नियम सापडले, कुठल्याही कागदावर ते नव्हते.

सुरुवात एका डेस्कपासून करा, तीही महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. महिनाअखेर जवळ असेल तर थांबा. जुना पर्याय मेन्यूवर राहू द्या. नियम दोन्हीकडे एकच असल्याने कुणी मधेच ग्रीन स्क्रीनवर गेला तरी नुकसान नाही. तासाला किती ऑर्डरी चढतात ते पुन्हा मोजा, पहिल्या मोजणीशी ताडा, आणि आकडा खाली आला असेल तर दुसऱ्या डेस्ककडे जाऊ नका.

सगळे डेस्क आले की मेन्यूवरचा पर्याय काढा, प्रोग्रॅम मात्र ठेवा. साध्या टेलनेटचं २३ नंबरचं पोर्ट बंद करा आणि ज्यांना टर्मिनल लागणारच आहे त्यांना ९९२ वरून टीएलएसने (सुरक्षित जोडणीने) येऊ द्या. मग ऑब्जेक्ट स्टॅटिस्टिक्सची तीच क्वेरी दर महिन्याला चालवत राहा. वर्षअखेर धरून सलग १३ महिने ज्या प्रोग्रॅमला कुणी हात लावला नाही, तो त्याच्या डिस्प्ले फाइलीसकट आणि सोर्ससकट सेव्ह फाइलीत घ्या, ती परत उतरवून बघा, आणि मगच लायब्ररीतून काढा.